एकाच विचाराचं ग्रंथालय हवं कशाला?

रानजाई
लंडनच्या क्लार्कनवेल ग्रीनवर मार्क्स मेमोरियल लायब्ररी आहे. मार्क्स जाऊन पन्नास वर्षं झाली त्या साली, १९३३ला, जर्मनीत नाझी पुस्तकांच्या होळ्या करत असताना ती सुरू झाली. याच इमारतीत १९०२-०३मध्ये लेनिन 'इस्क्रा' या क्रांतिकारी वृत्तपत्राचं काम करायचा. इतिहास मोठा आहे, मान्य. तरी संशोधनासाठी एकाच विचाराचं वेगळं ग्रंथालय मला पटत नाही. खुद्द मार्क्स ब्रिटिश म्युझियममध्ये बसून स्मिथ, रिकार्डो हे अर्थशास्त्रज्ञ आणि कारखाना-निरीक्षकांचे सरकारी अहवाल वाचत होता. विरोधकांची पुस्तकं हाताशी होती म्हणून त्याचं लिखाण उभं राहिलं. हा संग्रह मोठ्या ग्रंथालयात न्यावा.

जुनी पानं
साफ असहमत. मोठी ग्रंथालयं जाडजूड ग्रंथ सांभाळतात. एका पेनीची आठ पानी पुस्तिका, गंजलेली पिन, कडेला कुणा कामगाराच्या पेन्सिलीच्या रेघा, हे कोण सांभाळणार? स्पेनच्या यादवीत लढायला गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांची कागदपत्रं आज या लायब्ररीत आहेत. असे कागद माणूस विश्वास असेल तिथेच देतो.
आपल्याकडचं बघा. १९२९ला मेरठ खटल्यासाठी, म्हणजे ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या कटाच्या खटल्यासाठी, डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर यांना पकडलं. तेव्हा त्यांचे कागद सरकारनेच पुरावा म्हणून जपले! आपण काय जपलं? आजोबांच्या ट्रंकेत गिरणी संपाची हँडबिलं होती. चाळीतली खोली रिकामी करताना आम्ही ती रद्दीवाल्याला किलोवर घातली. तेव्हा मी बारावीत होते. अजून टोचतं.

रानजाई
वाचून वाईट वाटलं. पण अनुयायी स्वतःला अडचणीत आणणारा कागद ठेवतील? १९५६ला हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसल्यावर ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षातून हजारो लोक बाहेर पडले. त्यांची बाजू कुणाच्या कपाटात शोधायची?

डेक्कनकर
पुण्यात भारत सेवक समाजाचं ग्रंथालय उभं केलं नेमस्तांनी, म्हणजे मवाळांनी. आज ते गोखले इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तिथे काय फक्त नेमस्तांचीच पुस्तकं आहेत? ग्रंथपाल चोख असला की भिन्न मतांचे कागदही टिकतात.

रानजाई
आणि नसला तर? एका माणसाच्या सचोटीवर सगळं सोडायचं?

जुनी पानं
मोठ्या ग्रंथालयात तरी दुसरं काय असतं? त्या ट्रंकेतलं एक हँडबिल रद्दीत जायचं राहिलंय. आजोबांनी खूण म्हणून पुस्तकात घातलं होतं, घडीवर फाटत आलंय. तुमच्या मोठ्या ग्रंथालयात ते कोण दाखल करून घेईल, सांगा. मी घेऊन जाते.