मदत हवी आहे: स्मायली मालिका कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी, मी नौपाडा, ठाणे. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रोज रात्री मीच त्यांना वाचून दाखवते. सध्या जॉन ल कारे यांची, जॉर्ज स्मायली या गुप्तहेरावरची कादंबऱ्यांची मालिका घेतली आहे. मी थेट १९७४ च्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’पासून सुरुवात केली आणि आम्ही तिथेच अडकलो. दर दोन पानांनी बाबा विचारतात, “अगं, हा कोण? मागे आला होता का?” शेवटी कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने सगळी नावं लिहून ठेवली.

लेखक स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात होते, त्यामुळे मारामारी कमी, फायली आणि संशय जास्त. मला तेच फार आवडतंय. बाबांना मात्र धागा लागत नाही. १९६१ च्या पहिल्या पुस्तकापासून वाचलं तर सोपं जाईल का? ज्यांनी वाचलंय त्यांनी कृपया सांगा. बाबांचा रस जाऊ द्यायचा नाहीये.