मदत हवी आहे: तलावातल्या माशांना जखमा, रोज थोडे मरतायत

ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला राहतो. जवळच्या तलावात डिसेंबरपासून मेलेले मासे दिसतायत. एकदम खच नाही, रोज थोडे थोडे. म्हणूनच ऑक्सिजन कमी पडल्याचं पटत नाही. तसं असतं तर पहाटे सगळेच वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले असते, आणि अंगावर जखमा कशा येतील?

काल एक मरळ काठाला जिवंत सापडली. शेपटीच्या अलीकडे रुपयाएवढी लाल जखम, कडेचे खवले गेलेले, मधे कापसासारखं पांढुरकं काहीतरी. पाणकावळ्याची चोच किंवा गळ लागला असता तर ओरखडा किंवा भोक दिसलं असतं, असा गोल खड्डा नाही.

वाचल्यावर ईयूएस (एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम, माशांच्या अंगावर खोल जखमा पाडणारा साथीचा रोग) या बुरशीसारख्या जंतूच्या रोगाचा संशय आला. भारतात तो १९८८ पासून आहे, थंडीत वाढतो, मरळीला जास्त होतो. पण चिलापीला तो सहसा होत नाही म्हणतात, आणि इथे चिलापीच्याही अंगावर लाल चट्टे आहेत! इथेच माझं घोडं अडलंय. दोन वेगळी दुखणी असतील का? की आधी पाणी बिघडलं आणि मग जंतूंनी हात धुऊन घेतले?

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत सामान्य माणसाकडून नमुना घेतात का? मासा जिवंत न्यायचा की बर्फात? पाण्याचा अमोनिया तपासायला अ‍ॅक्वेरियमवाल्यांचं किट चालेल का? मत्स्यशास्त्रातलं कुणी असेल तर कृपया सांगा. काही पोरं तिथलेच मासे गळाने धरून घरी नेतायत, त्यामुळे जरा घाई आहे.