मृत्युपत्र, बक्षीसपत्र की ट्रस्ट? धाकट्या मुलाच्या दृष्टीने सल्ला हवा आहे

निवृत्त शिक्षक, सातारा

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो असून माझे वय 71 आहे. शाहूपुरीत स्वतःच्या कमाईतून बांधलेले घर, कोरेगाव तालुक्यात आजोबांपासून चालत आलेली सव्वा एकर बागायत आणि बँकेतील काही ठेवी, एवढीच आमची मालमत्ता आहे. मोठा मुलगा पुण्यात नोकरीस आहे आणि मुलगी कराडला दिली आहे. धाकटा 34 वर्षांचा असून जन्मतः बौद्धिक अक्षमता असल्याने तो व्यवहार करू शकत नाही. मोठ्याचे म्हणणे असे की, घर आताच त्याच्या नावे बक्षीसपत्राने करावे, मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये लागते आणि धाकट्याला तो सांभाळेलच. भावकीतील वडीलधारे मुलीकडून हक्कसोडपत्र घेण्याचा आग्रह धरीत आहेत. मुलाच्या मनात खोट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु आम्हा दोघांच्या पश्चात काय, या विचाराने झोप लागत नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

काळा कोट, कराड

गुरुजी, नमस्कार. सर्वप्रथम बक्षीसपत्राबद्दल. मुलाला राहते घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये लागते हे खरे (स्थानिक अधिभार वेगळा), परंतु स्वस्त पडते म्हणून दस्त करावा असे मी कोणालाच सुचवत नाही. बक्षीसपत्र नोंदले गेले की घर त्याच क्षणी आपले राहत नाही, आणि पुढे मन बदलले तरी ते सहजासहजी रद्द होत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. मात्र आपला सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली होती आणि ती अट पाळली गेली नाही, हे दाखवावे लागते. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचे तेवढे खरे धरले जाते. आपल्या परिस्थितीत तेच योग्य.

घर स्वकष्टार्जित असल्याने त्याची विल्हेवाट आपण इच्छेनुसार लावू शकता. जमिनीचे तसे नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे आणि वडील 2005 पूर्वी वारले असले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. म्हणून त्या सव्वा एकरापैकी केवळ आपल्या वाट्यापुरतेच मृत्युपत्र चालेल. हक्कसोडपत्र मुलीने स्वखुशीने द्यायचे असते. भावकीने मागायचे नसते. शिवाय, मला विचाराल तर, धाकट्याच्या भविष्यासाठी ती बहीणच सर्वांत भक्कम आधार ठरू शकते, आणि तिलाच आपण प्रथम दुखावू पाहत आहात.

आता मुख्य मुद्दा. धाकट्याच्या नावे थेट मालमत्ता ठेवली, तर ती त्याला विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही आणि बँकेत सहीही करता येणार नाही. म्हणून मृत्युपत्रातच त्याच्यासाठी खासगी ट्रस्ट निर्माण करावा, त्यात घर आणि ठरावीक ठेवी ठेवाव्यात, मोठा मुलगा व मुलगी दोघांनाही विश्वस्त नेमावे, आणि तिसरा विश्वस्त कुटुंबाबाहेरचा असावा. पैसा कशावर खर्च करायचा, घर कोणत्या परिस्थितीत विकता येईल, विश्वस्तांपैकी कोणी वारल्यास त्याच्या जागी कोण, आणि धाकट्याच्या पश्चात उरलेले कोणाला, हे सर्व स्पष्ट लिहावे. हा ट्रस्ट 1882 च्या कायद्याखाली येतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो तो सार्वजनिक ट्रस्ट.

ट्रस्ट पैसा सांभाळतो, माणूस नाही. अठरा वर्षांनंतर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा. हे काम मृत्युपत्राच्याही आधी करावे.

कृष्णाकाठ, सांगली

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी अनुभवाचे दोन शब्द सांगतो. माझ्या मामांनी मृत्युपत्र व्यवस्थित केले होते, दुय्यम निबंधकांकडे नोंदविलेही होते. परंतु साक्षीदार म्हणून आपल्याच वयाचे दोन मित्र घेतले. मामा गेले तोवर ते दोघेही गेले होते. एका वारसाने फेरफारावर हरकत घेतली, प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांकडून न्यायालयात गेले आणि मयत साक्षीदारांच्या सह्या ओळखणारी माणसे शोधण्यात आमची काही वर्षे गेली. नोंदणीकृत असले तरी मृत्युपत्र साक्षीदारावाचून सिद्ध करणे जड जाते. आपण नोंदणी ऐच्छिक असूनही अवश्य करावी, पण साक्षीदार आपल्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान, साताऱ्यातच राहणारे आणि मृत्युपत्रात काहीही न मिळणारे घ्यावेत. त्यांनी आपल्याला सही करताना पाहिले पाहिजे. त्याच दिवशी ओळखीच्या डॉक्टरांकडून मानसिक स्वास्थ्याचा दाखला घ्यावा.

आणखी एक. ठेवींवर नॉमिनी म्हणून मोठ्याचे नाव असेल, तर ती रक्कम त्याची झाली असा अनेकांचा गैरसमज असतो. नॉमिनी बँकेतून रक्कम घेतो. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांची. बँकेतील नामांकन आणि मृत्युपत्र यांचा मेळ घालून ठेवा, म्हणजे भावाभावांत विनाकारण वितुष्ट येणार नाही.

आपण शिक्षक होता, म्हणून हेही विचारतो: धाकट्याची नोंद कुटुंब निवृत्तिवेतनासाठी केली आहे काय? कमावण्यास असमर्थ दिव्यांग अपत्याला ते हयातभर मिळू शकते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडून ही नोंद आपल्या हयातीतच झालेली बरी. मागाहून कागद गोळा करणे कोणाच्या गळ्यात पडेल, सांगता येत नाही.

निवृत्त शिक्षक, सातारा

आपणा दोघांचा अत्यंत ऋणी आहे. निवृत्तिवेतनाची गोष्ट माझ्या ध्यानीमनीही नव्हती. प्रमाणपत्र घरातच आहे, अर्ज या आठवड्यात देतो. बक्षीसपत्राचा विचार सोडला आहे. काल रात्री मुलीला फोन करून विश्वस्त होशील का असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आबा, हे तुम्ही इतक्या उशिरा का विचारता?” हक्कसोडपत्राचा विषय मी काढला नाही, आणि आता काढणारही नाही. कुटुंबाबाहेरचा विश्वस्त म्हणून माझा एक जुना विद्यार्थी, जो येथेच लेखापाल आहे, तयार झाला आहे. साक्षीदार मात्र अजून शोधतो आहे, कारण माझे सारे मित्र सत्तरीपुढचे आहेत.