शब्दचर्चा : एडनच्या तहनाम्यांतली 'हद्द', 'मुशाहरा' आणि 'जैसे थे'

कलमदान
दक्षिण अरबस्तानातल्या, म्हणजे एडन बंदर आणि त्यामागच्या मुलखातल्या (आजच्या येमेनमधल्या), ब्रिटिश तहांवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. तीन ठिकाणी अडते.
१) ११ फेब्रुवारी १९३४ रोजी सना येथे येमेनचा राज्यकर्ता इमाम याह्या आणि ब्रिटिश यांच्यात तह झाला. त्याच्या तिसऱ्या कलमातल्या 'फ्रंटियर'ला काय म्हणावे? सीमा, सरहद्द की हद्द?
२) 'प्रोटेक्टरेट'ला 'मांडलिक राज्य' चालेल का?
३) एडनच्या रेसिडेंटकडून, म्हणजे तिथल्या ब्रिटिश प्रतिनिधीकडून, सुलतान आणि शेखांना ठरलेली रक्कम मिळे. तिला 'खंडणी' म्हटले तर?

दप्तरबंद
तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक सर्वांत मोठी ठरेल. खंडणी दुबळा देतो आणि बळिवंत घेतो. इथे पैसा उलट्या बाजूने वाहत होता. ब्रिटिशांच्या कॅप्टन हेन्सने १९ जानेवारी १८३९ रोजी एडन घेतले. त्याआधी एडनचा धनी असलेला लाहेजचा सुलतान मुहसिन बिन फझल याच्याशी वर्षाला ८,७०० रियाल देऊन बंदर मिळवण्याची बोलणी चालली होती, ती फिसकटली. एडन हाती आल्यावर सुलतानाला महिन्याला ५४१ रियाल ठरले. त्याने एडन परत घ्यायला चाल केली तेव्हा ते बंदही झाले. म्हणजे ही रक्कम वागणुकीवर अवलंबून होती. हे मराठीत 'तनखा' या शब्दातून नेमके येते, संस्थानिकांचे तनखे वाचकाला माहीत आहेतच.

त्याहून जवळचा शब्द हवा असेल तर अरबी 'मुशाहरा' आहे. 'शहर' म्हणजे महिना, त्यावरून महिन्याच्या महिन्याला मिळणारी ती मुशाहरा. आपला 'मुशाहिरा' किंवा 'मुशारा' हाच. पहिल्यांदा 'मुशाहरा, म्हणजे मासिक तनखा' असे लिहा, पुढे नुसते 'तनखा' पुरे.

नाण्याकडेही लक्ष द्या. इंग्रजी कागदांत 'डॉलर' किंवा 'क्राउन' दिसेल. ते ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाच्या छापाचे, सुमारे २८ ग्रॅम वजनाचे चांदीचे नाणे. कोणत्याही साली पाडलेले असले तरी त्यावर १७८० हेच साल असते. त्याला तिथे रियाल म्हणत. 'डॉलर' लिहिलेत तर वाचक थेट अमेरिकेत पोचेल. खुद्द एडन शहरात मात्र १९५१ पर्यंत आपला रुपया चाले, त्यामुळे एकाच परिच्छेदात दोन्ही चलने आली तर प्रत्येक आकड्यामागे नाणे लिहा.

नुक्ता
'मांडलिक' नको, याच कारणासाठी. मांडलिक खंडणी भरतो आणि बोलावले की फौज घेऊन येतो. यांपैकी काहीच इथे नाही. 'तैनाती फौज'ही बसत नाही. वसईच्या तहात (१८०२) पेशव्याने फौजेच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला, उलट एडनच्या आतल्या मुलखात असली फौज कोणाच्या गळ्यात घातली नव्हती.

संरक्षणाच्या करारांचा साचा तीन कलमांचा होता. पहिल्यात राणी-सम्राज्ञीची कृपा आणि संरक्षण. दुसऱ्यात शासकाचे वचन : ब्रिटिश सरकारला कळवून त्याची मंजुरी घेतल्याखेरीज परक्या सत्तेशी पत्रव्यवहार, करार किंवा तह करणार नाही आणि कोणी ढवळाढवळ करू लागला तर एडनच्या रेसिडेंटला ताबडतोब कळवीन. तिसऱ्यात अंमल कधीपासून, ते. खरा जोर दुसऱ्या कलमात. किश्न आणि सोकोत्राच्या महरा सुलतानाशी १८८६ मध्ये, मुकल्ल्याच्या कुऐती घराण्याशी १८८८ मध्ये असे करार झाले. अरबीत अशा प्रदेशाला 'महमिया' म्हणतात, 'हिमाया' म्हणजे संरक्षण यावरून. तेव्हा 'संरक्षित प्रदेश' लिहा. 'संरक्षित राज्य' सरसकट लिहू नका, कारण सही करणाऱ्यांत मोठे सुलतान होते तसे एखाद्या टोळीचे शेखही होते.

सही रेसिडेंटची आणि मंजुरी व्हाइसरॉयची, हे पाहून वाचक गोंधळेल. एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यात मोडे, मग थेट दिल्लीकडे गेले आणि १९३७ मध्ये लंडनच्या ताब्यातली वसाहत झाले. वासुदेव बळवंत फडक्यांना एडनला का ठेवले होते, याचाही उलगडा यातच आहे.

दप्तरबंद
आता 'हद्द'. तहाच्या अरबी प्रतीत शब्द आहे 'हुदूद', म्हणजे 'हद्द'चे अनेकवचन. आणि १९३४ नंतरचे निम्मे भांडण या शब्दावर झाले.

तिसरे कलम म्हणते : दक्षिणेकडच्या हद्दीचा प्रश्न तहाची ४० वर्षांची मुदत संपण्याआधी वाटाघाटींनी सोडवायचा, तोवर सहीच्या दिवशी हद्दीबाबत जी स्थिती होती तीच दोघांनी राखायची. ब्रिटिशांनी हद्द म्हणजे रेषा असे वाचले. रेषा हलवायची नाही, पण आपल्या बाजूला रस्ते, ठाणी, नवे करार हवे ते करू. इमामाने हुदूद म्हणजे हद्दीवरचा सगळा मुलूख असे वाचले. त्या मुलखात ब्रिटिशांनी नवे काहीही करायचे नाही, कारण तेसुद्धा स्थिती बदलणेच. शिवाय तहात लिहिले होते की अर्थाबद्दल शंका आली तर अरबी प्रतीवर भिस्त ठेवायची. ब्रिटिशांनी त्यावर सही केली होती! १९३८ मध्ये त्यांनी हद्दीवरचे शबवा हे ठिकाण घेतले तेव्हा इमामाचा निषेध याच वाचनातून आला. १९४९ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या बैहानजवळ नज्द मरकदच्या ठाण्यावरून तंटा उठला आणि ब्रिटिश विमानांनी इमामाच्या मुलखातल्या हरीबच्या बाजूला बाँब टाकले. त्यापुढे १९५० ची लंडनची बोलणी आणि १९५१ ची तात्पुरती तडजोड.

मराठीत 'हद्द' हाच शब्द वापरा. 'गावाची हद्द ओलांडली' यात ती रेषा असते, 'ठाण्याच्या हद्दीत गुन्हा घडला' यात मुलूख असतो. अरबीतली संदिग्धता आयती मिळते. 'सीमारेषा' लिहिलेत तर निकाल ब्रिटिशांच्या बाजूने लागला, 'सरहद्दीचा मुलूख' लिहिलेत तर इमामाच्या. अनुवादकाने न्यायाधीश होऊ नये.

आडवाट
मग येमेन तुर्कांकडे असताना १९०२ ते १९०५ च्या ब्रिटिश-तुर्की आयोगाने जी आखली तिलाही 'हद्द'च?

दप्तरबंद
नाही, तिथे 'सीमारेषा' बरोबर. बाब-अल-मंदबजवळच्या शेख मुरादपासून बना नदीपर्यंत दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी ती पाहणी करून ठरवली. बनापासून पुढे ईशान्येकडे ४५ अंशांत वाळवंटात गेलेली जी आहे, तिला नुसती 'रेषा' म्हणा. ती नकाशावर पट्टी ठेवून काढलेली आहे, जमिनीवर कोणी फिरलेले नाही. इमामाने दोन्ही नाकारल्या. तुर्कांनी दिलेला शब्द आपल्याला बांधत नाही, हा त्याचा मुद्दा.

आडवाट
तिसऱ्या कलमातल्या 'स्थिती राखणे'साठी 'जैसे थे' छान बसेल. मात्र नुसते 'जैसे थे' लिहिले तर कोणत्या दिवशीचे ते राहून जाते. 'सहीच्या दिवशी होते तसेच' हे जोडायला हवे.

नुक्ता
वाळवंटातल्या रेषेचा विषय निघालाच आहे तर 'सही' आणि 'अनुसमर्थन' (सही झालेल्या कराराला सरकारने नंतर दिलेली अंतिम मंजुरी) यांची गल्लत टाळा. २९ जुलै १९१३ च्या ब्रिटिश-तुर्की करारात 'निळी रेषा' होती, तुर्कांचे नेज्द आणि कतार यांच्यामधून दक्षिणेला वाळवंटात गेलेली. त्यावर सह्या झाल्या, अनुसमर्थन झाले नाही. मार्च १९१४ च्या करारातली ती ४५ अंशांची 'जांभळी रेषा', तिचे अनुसमर्थन त्याच वर्षी जूनमध्ये झाले. जांभळीचे टोक निळीला २० अंश उत्तर अक्षांशावर मिळते आणि करारात निळीचा उल्लेख आहे. म्हणून १९३४ मध्ये ब्रिटिश सौदी अरेबियाचा राजा इब्न सौद याला सांगू लागले की निळीलाही त्यातूनच मान्यता मिळाली आहे. त्याने ऐकले नाही. मराठीत दोन्हींना 'मान्य झालेली रेषा' म्हटले तर हा सगळा वादच दिसेनासा होतो.

कलमदान
हद्द, तनखा, संरक्षित प्रदेश ठरले. आणखी एक : १९३७ च्या कुऐती करारातला 'ॲडव्हायझर'. 'सल्लागार' पुरेसे आहे?

नुक्ता
शब्द 'सल्लागार'च ठेवा, अरबीतही 'मुस्तशार' आहे. पण पहिल्या उल्लेखात सांगा की इस्लाम धर्म आणि रूढी सोडून बाकी सर्व बाबतींत सुलतानाने तो सल्ला मानायचाच होता. पुण्याच्या रेसिडेंटचा 'सल्ला' ज्यांनी वाचला आहे त्यांना जास्त समजवावे लागणार नाही.

लिहिताना 'कुऐती' लिहा, 'कुवेती' नव्हे. या घराण्याचा कुवेतशी संबंध नाही. ते हद्रमौतमधले (मुकल्ल्याच्या बाजूचा मुलूख) आणि हैदराबादला निजामाच्या चाकरीतून वर आलेले. म्हणूनच १९०२ मध्ये सुलतान हा किताब मान्य होईपर्यंत त्यांच्या नावामागे 'जमादार' दिसते. मराठीत जमादार म्हणजे कचेरीतला किंवा पोलिसांतला लहान हुद्देदार. निजामाच्या अरबांत तो स्वतःची फौज बाळगणारा सरदार असे. भाषांतरात 'जमादार' तसाच ठेवा आणि पहिल्याच वेळी 'अरब पथकाचा सरदार' असा खुलासा करा.