हायपर-व्हीच्या जनरेशन २ मशीनमध्ये आयएसओ बूट होत नसेल तर

आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) दोनदा उतरवलीत, बूट ऑर्डरमध्ये डीव्हीडी वर आणलीत, तरी हायपर-व्ही या विंडोजमधल्या सोयीत बनवलेलं व्हर्च्युअल मशीन नेटवर्कवरूनच बूट व्हायला बघत असेल, तर फाइल बहुधा ठीकच आहे. विंडोजची असेल तर 'प्रेस एनी की' ही ओळ जेमतेम काही सेकंद दिसते. कनेक्टची विंडो (मशीनचा स्क्रीन) उघडेपर्यंत ती निघून जाते, आणि की न दाबल्यानं मशीन डीव्हीडी सोडून नेटवर्ककडे वळतं. म्हणून मशीन बंद असतानाच कनेक्ट करा, मग स्टार्ट, लगेच विंडोत क्लिक आणि स्पेसबार दाबत राहा. माझी अख्खी संध्याकाळ यात गेली होती. लिनक्स असेल तर मशीनच्या सेटिंग्जमधल्या सिक्युरिटीत सिक्युअर बूटचं (फक्त विश्वासू सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सुरक्षा) टेम्प्लेट 'मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सर्टिफिकेट ऑथॉरिटी' निवडा. सिक्युअर बूट सरसकट बंद करू नका, कृपया. आयएसओ ३२ बिटची निघाली, तर मात्र ती जनरेशन २ मध्ये चालणार नाही, जनरेशन १ चं नवं मशीनच बनवावं लागेल.