रील बघणारे हजार, साइटवर येणारे चार: वेबसाइट ठेवायची की बंद करायची?

शहापूरचा माग
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमचं साड्यांचं घरचं काम आहे, चार पॉवरलूम, बाबा आणि काका माग बघतात, आई आणि वैनी कांड्या भरतात, विक्रीचं गेली दोन वर्षं मी बघायलोय. अगोदर सगळा माल व्यापाऱ्याकडं जायचा आणि तो देईल तो भाव. म्हणून वेबसाइट काढली आणि ती लोकांना कळावी म्हणून इन्स्टा, फेसबुक, यूट्यूब सगळीकडं पेज केलं.

श्रावणात एक रील टाकली. 22 सेकंदांची, धोटा इकडून तिकडं पळतोय आणि आईचा हात तुटलेला धागा शोधून गाठ मारतोय, एवढंच. गाणंबिणं काही नाही, मागाचाच खटखट आवाज. चाळीस हजार लोकांनी बघितली. त्या आठवड्यात साइटवर आले साठ-सत्तर जण आणि साड्या गेल्या तीन. आता घरात म्हणायलेत की साइटचे पैसे कशाला भरतोस, इन्स्टावरच विक की.

मला हे पटत नाही. गणपत गल्लीत सणाची गर्दी असते तसं आहे हे, तिथं उभं राहून हाळी द्यायची खरी पण माणूस आपल्या दुकानाची पायरी चढला पाहिजे. गल्ली आपली नव्हे. 29 जून 2020 ला सरकारनं टिकटॉक धरून 59 ॲपं बंद केली तेव्हा ज्यांचं सगळं तिथंच होतं त्यांच्या हातात काय राहिलं? 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहाएक तास बंद पडले होते, आठवतंय का. तुमचा अनुभव सांगा.

टिळकवाडीची वैनी
भाऊ, राग मानू नका, पण घरचे बरोबर बोलायलेत. मी मांडे, चटण्या, दिवाळीचा फराळ करते, सात वर्षं झाली, आजपर्यंत वेबसाइट नाही आणि काही अडलं नाही. सकाळी स्टेटसला फोटो टाकला की दुपारपर्यंत ऑर्डर यायला लागतात. माझा मांडा कुरिअरनं पाठवला तर चुराच पोचणार, मग पुण्यातल्या माणसानं साइट बघून मला काय उपयोग? माझं गिऱ्हाईक टिळकवाडी, कॅम्प, अनगोळ, फार तर हिंडलगा.

आणि बायकांना बोलायचं असतं ओ. "वैनी, पुरण जास्त गोड नको", "सासूबाईंना तिखट चालत नाही", हे साइटवरच्या बटणाला कसं सांगणार? पैसे यूपीआयनं थेट खात्यात. साइटवर पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घ्यायची सोय, घेतला की साधारण 2 टक्के तिथंच कापतात, वर डोमेन, होस्टिंग म्हणजे साइटच्या नावाचे आणि जागेचे पैसे दरवर्षी भरायचे. तेवढ्यात मी एक चांगला तवा घेईन.

शहापूरचा माग
वैनी, तुमच्या धंद्याला तुमचं बरोबर आहे, गरम मांड्याला साइट कशाला. पण साडी सहा महिन्यांनी पण विकते, पुण्याला पण जाते. स्टेटस आणि स्टोरी 24 तासांत गेली, साडी तशीच कपाटात. मार्चमध्ये टाकलेला फोटो मे महिन्यात लग्नाची खरेदी करणाऱ्या बाईला कुठं दिसणार?

खानापूरचा काजू
मी सोसलंय म्हणून सांगतो. आमचा काजूचा छोटा कारखाना. एका ॲपवर नऊ हजार फॉलोअर केले होते, तीन वर्षांची मेहनत. एक दिवस निळी टिक मिळणार असा मेसेज आला, लिंक उघडली, ओटीपी दिला आणि खातं गेलं. चूक माझीच. पण फॉलोअरपेक्षा जास्त वाईट कशाचं वाटलं तर गिऱ्हाइकांचे पत्ते आणि नंबर सगळे त्या चॅटमध्येच होते. कोण दर दिवाळीला पाच किलो नेतं, कोणाला पाकळी लागते, कोणाला अख्खा, काहीच वहीत नव्हतं. आईनं विचारलं "मालवणच्या त्या बाईंना फोन कर की", तर नंबरच नाही.

आता टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलंय आणि नाव-नंबर साइटच्या ऑर्डरमध्ये येतात, ते दर महिन्याला उतरवून ठेवतो.

अजून एक, आपण सीमेवरचे म्हणून हे लक्षात ठेवा. चंदगड आम्हाला घरासारखं, पण माल तिकडं पाठवला की दुसरं राज्य. कर लागणारा माल राज्याबाहेर विकायचा म्हटलं की उलाढाल कितीही कमी असू दे, जीएसटी नंबर काढावा लागतो, हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे तेवढीच. काजूला आणि पॉवरलूमच्या साडीला नाही. मग चॅटवर विकलं काय आणि साइटवर विकलं काय, बिल फाडायलाच लागतंय, ते साइट आपोआप काढून देते.

निपाणीचा पोरगा
मी दुकानांची पेजं सांभाळतो, तेच माझं काम. शहापूरवाले दादा, तुमची रील चांगलीच असणार, घोळ लिंकचा आहे. इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये लिहिलेली लिंक दाबता येत नाही, माणसानं ती वाचून टाइप करायची काय? बायोत, म्हणजे पेजवर नावाखालच्या ओळखीत, लिंक पाहिजे, नाहीतर स्टोरीत लिंकचा स्टिकर. पूर्वी स्टोरीत लिंक टाकायला दहा हजार फॉलोअर लागायचे, ऑक्टोबर 2021 पासून ती सोय सगळ्यांना आहे. यूट्यूबला मोठ्या व्हिडिओखालची लिंक चालते, शॉर्ट्सखालची चालत नाही. व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्या यादीला, फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांना जातो आणि एका यादीत 256 जण, पण तिथली लिंक लोक सगळ्यात जास्त उघडतात हा माझा अनुभव.

आणि लिंक होमपेजची देऊ नका ओ! रीलमध्ये मोरपंखी साडी दाखवली तर लिंक थेट त्याच साडीच्या पानावर गेली पाहिजे. होमपेजवर सोडलं की माणूस दोनशे साड्यांत हरवतो आणि परत जातो. प्रत्येक ठिकाणच्या लिंकला वेगळी शेपटी लावा, म्हणजे शेवटी त्या ठिकाणाची खूण जोडा, म्हणजे कुठून किती आले ते कळतं, नाहीतर नुसता अंदाज.

टिळकवाडीची वैनी
एवढं सगळं बघायचं म्हणजे माग कोण चालवणार? ह्या पोरांचा अर्धा दिवस फोनवर जातो आणि माल बिघडतो. माझं म्हणणं तेच आहे, हातात माणसं कमी असली तर एकच जागा नीट सांभाळा.

उद्यमबागचा टर्नर
वैनींच्या शेवटच्या वाक्याशी सहमत, बाकी नाही. आमचं सीएनसीचं जॉबवर्क, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर कंपन्यांना पार्ट करून देतो. रील टाकून आम्हाला आजपर्यंत एक ऑर्डर नाही, पण पुण्याचा परचेसवाला फोन करायच्या आधी साइट उघडतो. मशिनं कुठली, किती साइजपर्यंत काम होतं, तपासणीला काय काय आहे, आणि ईमेल कंपनीच्या नावाचा आहे की फुकटातला. लिंक्डइनवर महिन्यातून एक-दोनदा एखाद्या पार्टचा फोटो टाकतो, खाली साइटची लिंक. तेवढं पुरतं.

हुबळी रोड
भाषेचं कोणीच बोललं नाही. मराठीत टाकलं की कोल्हापूर, सांगली, गडहिंग्लजचे बघतात, कन्नडमध्ये टाकलं की धारवाड, हुबळी. माझ्या बायकोच्या शिवणाच्या पेजवर दोन्ही एकत्र लिहायला गेलो तर कॅप्शन लांबलचक आणि वाचत कोणीच नाही. साइटवर मात्र दोन वेगळी पानं केली, रील दोन केल्या, ज्याची लिंक त्या भाषेच्या पानाला. माझी सासू कन्नडमध्ये बोलते त्या रीलला धारवाडच्या बायकांनी किती विचारलं सांगू.

शहापूरचा माग
निपाणीचे भाऊ, आत्ताच बघितलं, लिंक कॅप्शनमध्येच होती आणि ती पण होमपेजची. बायोत आज बदलतो. हुबळी रोड, आमच्या वैनी चिकोडीच्या, कन्नड चांगलं बोलतात, त्यांनाच मागापुढं उभं करतो. साइट मी बंद करत नाही, घरात सांगून टाकलंय.

टिळकवाडीची वैनी
करा, पण मला अजून पटलेलं नाही. दिवाळी होऊ दे, साइटवरून किती गेल्या आणि चॅटवर किती, दोन्ही आकडे इथं टाका. आणि ती मोरपंखी साडी खरंच आहे काय? असली तर फोटो मला व्हॉट्सॲपवरच पाठवा, काठ किती बोटांचा आहे तेवढं सांगा.

शहापूरचा माग
आहे वैनी. काठ चार बोटं. फोटो पाठवतो, खाली लिंक पण असेल.