लगेच परत लिस्ट करू नका

वर कोणीतरी लिहिलंय की ऑनलाइन लिलावात गाडीची बोली जिंकलेल्याने पैसे दिले नाहीत तर ती सरळ परत लिलावाला टाका. मला नाही पटत, कारण तीच गाडी लगेच परत दिसली की बघणाऱ्याला वाटतं हिच्यात काहीतरी खोट असणार आणि बोली खालीच राहते.

आधी त्याला फोन करा, मग साइटच्याच मेसेजमधून तारीख टाकून मुदत द्या, म्हणजे तक्रार करताना पुरावा हातात राहतो. तेवढ्यात दोन नंबरच्या बोलीवाल्याशी बोलून घ्या. ईबे या लिलावाच्या साइटवर त्यासाठी सेकंड चान्स ऑफरची सोय आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या, पैसे बुडवणाऱ्याने भाव चढवलेला असतो, त्यामुळे दुसरा माणूस घासाघीस करणारच आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नसतं, थोडं सोडावं लागलं तर सोडा.

खरा घेणारा टायर किती झिजलेत, सर्व्हिसची कागदपत्रं आहेत का, खालून गंज आहे का असलं विचारून भंडावून सोडतो. नवं कोरं अकाउंट, एकही प्रश्न नाही आणि शेवटच्या मिनिटाला मोठी बोली, असं दिसलं की सावध व्हा. आणि डिपॉझिट मागाच, परत न मिळणारं, लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहून. ईबेवर विक्रेत्याला २००८ पासून खरेदीदाराला निगेटिव्ह फीडबॅक देता येत नाही, मग आपल्या हातात राहतं ते तक्रार करणं, ब्लॉक करणं आणि हे डिपॉझिटच.